उन्हं कलल्यावर दिसणारा माणूस

कुवेतमधल्या मराठी घरात मार्च महिना परीक्षेचा. टीव्ही बंद, पाहुणे बंद, मंडळाचे कार्यक्रम पुढे ढकललेले, आणि आईबाप असे वावरणार की पेपर जणू त्यांचाच आहे. नेमक्या त्याच महिन्यात हाजींचं नवरोज, इराणी नवं वर्ष, यायचं आणि ते माझ्या टेबलाशी येऊन विचारायचे, "मुहंदिस, इस साल चलेगा?"

हाजी रिफायनरीत माझे वरिष्ठ. कुवेतीच, पण त्यांचे आजोबा समुद्रापलीकडून, इराणातून गलबतानं आलेले. त्यांचं जुनं घर शहरातल्या शर्क भागात होतं. त्या जागी आता काचेची इमारत आहे. घरात फारसी, ऑफिसात अरबी आणि माझ्याशी हिंदी सिनेमातून उचललेली हिंदी, असा त्यांचा कारभार. मुहंदिस म्हणजे इंजिनियर. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही.

आमची दोस्ती माझ्या रागामुळे झाली. एका पंपाच्या कामात कंत्राटदारानं घोळ घातला आणि मी त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. मी नाशिकचा, आवाज मुळातच मोठा, त्यात डोकं फिरलेलं. हाजींनी मला केबिनमध्ये बोलावलं, छोट्या ग्लासात चहा ओतला आणि भिंतीवरचा फोटो दाखवला. उभा कडा, त्यात उंचावर कोरलेली राजाची कबर. शाळेच्या इतिहासात एका ओळीत उरकलेला इराणचा दरायस राजा तो हाच. कबरीच्या दाराशी त्यानं दगडात लिहून ठेवलंय की मी तापट नाही, राग आला तरी तो मी विचारानं आवरतो. मी मान खाली घातली. हाजी म्हणाले की भयंकर तापट असणार हा, नाहीतर माणूस असलं कशाला कोरून ठेवेल. तेव्हापासून माझा आवाज चढला की ते लांबूनच भिंतीवरच्या राजाकडे बोट करायचे.

तो कडा शिराजजवळचा, आणि शिराजला दिलेली त्यांची थोरली बहीण तिथं इतिहास शिकवायची. तिच्याकडून त्यांनी त्याच कबरीवरच्या दुसऱ्या एका लेखाची पहिली ओळ पाठ केली होती. ती त्यांनी म्हटली आणि त्यात मला चक्क "इमाम् बूमिम्" ऐकू आलं. ही भूमी! संस्कृत मी मार्कांसाठी घेतलं होतं आणि दहावीनंतर त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. अडीच हजार वर्षांपूर्वीचा परका राजा आपल्याच ओसरीवर बसून बोलतोय, असं वाटलं मला. त्या दिवसापासून तो कडा माझ्या डोक्यात बसला.

त्यात आणखी एक गोष्ट होती. कबरीच्या दाराच्या वर राजा एका प्रचंड मंचावर उभा आहे आणि तो मंच देशोदेशीच्या माणसांनी हातांवर तोलून धरलाय. माझ्याकडे किती देश होते ते पाहायचं असेल तर माझं आसन उचलणाऱ्यांकडे बघ, असं राजा सांगतो. त्यांच्यात एक आपल्याकडचा आहे. "तेव्हाही उचलायला तुम्हीच," हाजी म्हणाले आणि पोट धरून हसले. मीही हसलो. युनिफॉर्म घालून पहाटे बसमध्ये चढणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

खालून म्हणे ती सगळी माणसं सारखीच दिसतात. पण कड्यासमोर एक जागा आहे, बहिणीनं त्यांना लहानपणी दाखवलेली. उन्हं कलली की सावल्या अशा पडतात की आपल्याकडच्या त्या माणसाचं उघडं अंग आणि कमरेचं धोतर एकदम उठून दिसतं. जागा नेमकी कुठे, हे ते सांगत नसत. "मैं खड़ा करेगा तेरे को उधर," एवढंच म्हणायचे.

कुवेतहून शिराज किती लांब? विमान वर चढतं तोच उतरायला लागतं. पण आधी मुलीच्या परीक्षा होत्या. रजा सगळी नाशिकला जायची: आईचं ऑपरेशन, भाच्याची मुंज, फ्लॅटचा ताबा. मग मुलीला बाहेर शिकायला पाठवायचं ठरलं आणि ही म्हणाली की पासपोर्टवर इराणचा शिक्का नको, उद्या तिच्या व्हिसाला नडेल. मंडळात सगळे तेच म्हणत होते. कुणाचं नडलं, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. हाजी कधी रुसले नाहीत. शिराजहून येताना पिस्त्यांची मिठाई आणायचे आणि म्हणायचे, पुढच्या वर्षी.

मुलगी कॅनडाला गेली. फोनवर तिला शिक्क्याचं सांगितलं तर म्हणाली, "बाबा, इट्स युअर पासपोर्ट, नॉट माइन." माझं डोकं इतकं भणाणलं की फोन ठेवून मी दस्मानच्या समुद्राकाठी चालत सुटलो. पलीकडे धुरकट पाणी होतं आणि त्याच्या पलीकडे तो कडा. तोवर हाजी निवृत्त झाले होते आणि त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही. ही हॉस्पिटलात नर्स आहे. बोलणं परत येईल का, असं मी विचारलं तेव्हा तिनं कॅलेंडर काढलं आणि मार्चमधल्या आपल्या रजा बघितल्या.

या मार्चमध्ये मी आणि ही, आम्ही दोघं शिराजला गेलो. टॅक्सीवाल्याला घाई होती, त्यानं भर दुपारी कड्यापाशी आणून सोडलं. मान दुखेपर्यंत मी वर पाहत राहिलो. राजा दिसला, मंच दिसला, खाली ओळीनं माणसं दिसली. सपाट उन्हात सगळी एकसारखी. मी पुढे गेलो, मागे आलो, डावीकडे सरकलो, फोनवर फोटो काढून तो मोठा करून पाहिला. उघड्या अंगाचे तर तीनचार जण वाटले. "कुठलाही धर," ही म्हणाली, "सगळे तेच तर करताहेत." मला तिचा राग आला आणि राजासारखा मी तो आवरला. मग कड्याकडे पाठ करून रडलो. तिनं पाण्याची बाटली पुढे केली.

परत आल्यावर रिग्गईला गेलो. हाजी आता तिथं मुलाकडे असतात. मी फोनमधला फोटो त्यांच्यापुढे धरला. डाव्या हातानं त्यांनी तो मोठा केला. बोट एका ओळीवरून सरकत गेलं, मागे आलं, खालच्या ओळीवर उतरलं, पण कुठेच थांबलं नाही. "हाजी, कौनसा?" मी विचारलं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. मग तळहात हळूहळू खाली नेला, उन्हं कलतात तसा. मी भलत्या वेळी गेलो होतो.

"अगले मार्च में जाएंगे," मी म्हणालो. "आप खड़ा करो मेरे को. चलेगा?"

इतकी वर्षं हा प्रश्न त्यांचा होता. त्यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला आणि मान हलवली, नाही म्हणून.