नावाआधीचा घोट

ओडवार पियानोचे सूर लावून द्यायचा. जन्मापासून आंधळा, पण टोर्स्कवोग गावात कुणाच्या घरचा सूर उतरलाय, हे त्याला घरच्यांच्या आधी कळायचं. गावात कोण गेलं, हे मात्र त्याला बोर्गहिल्डकडून कळायचं, तेही दर शुक्रवारी, कॅसेटवर.

बोर्गहिल्ड शाळेतली निवृत्त बाई. एकोणीस वर्षं तिने स्वयंपाकघरात बसून गावचा पेपर त्याच्यासाठी मोठ्याने वाचला. आधी निधनवार्ता, मग बाकीचं जग. गावातले डोळसही तसंच वाचत. पान चिकटलं की टेपवरच करवादायची, "सूट की मेल्या!" आणि गेलेल्याचं नाव घेण्याआधी थांबून कॉफीचा एक घोट घ्यायची. तेवढ्या वेळात ओडवारच्या काळजात धस्स व्हायचं. काय दिवस होते ते!

मग पेपर कॉम्प्युटरवर आला आणि ओडवारच्या हाती बोलणारा फोन. "सुटले बाई तुझ्या तावडीतून," बोर्गहिल्ड म्हणाली. "आता तुझं तू वाच." तो वाचू लागला. हवामान, मासळीचा भाव, ग्रामसभेतली भांडणं, सगळं. निधनवार्तांवर आलं की फोन म्हणायचा, "चित्र. चित्र. चित्र." सुबक चौकटी, फुलं, क्रूस आणि त्यांत अडकून पडलेली अक्षरं. कुणाला विचारणं त्याच्या जिवावर यायचं. 'आता तुझं तू' असं तीच म्हणाली होती ना!

मार्चमध्ये एका मंगळवारी चर्चची मयताची घंटा वाजली. कुणाची बरं, असं म्हणत त्याने ओटची लापशी संपवली. गुरुवारी दुकानात शेजारच्या टोरलाइफने खांद्यावर हात ठेवला.

"बोर्गहिल्डला पोचवायला आला नाहीस रे? खुर्ची धरून ठेवली होती तुझी."

"मला कुणी सांगितलंच नाही."

"सांगायचं काय त्यात? पेपरात होतं की!"

गावची रीतच तशी. पेपरात आलं की सगळ्यांना कळवलं. वर फोन करणं म्हणजे आगाऊपणा.

ओडवार तडक पेपरच्या कचेरीत गेला. संपादक सिनोव्हे ही पोरगेलीशी बाई. त्याने फोन तिच्या हातात दिला. "डोळे मीट आणि सांग, गावात कोण गेलं?"

"चित्र," फोन म्हणाला. चार वेळा.

"आम्हाला वाटलं, छान दिसतंय..."

"दिसत असेल बाई. मला विचारू नकोस."

सिनोव्हेने खुर्ची पुढे ओढली. "आजपासून सगळ्या निधनवार्ता शब्दांत टाकते."

"आधी तिची."

तिने त्याच्यासमोर कॉफी ठेवली आणि टाइप करायला बसली. झालं म्हणाली तेव्हा ओडवारने फोन कानाशी धरला. यंत्राने एका दमात सगळं म्हणून टाकलं: आमची लाडकी आत्या, नाव, तारीख, चर्च, नंतर फराळाला सर्वांनी यावे. कुठे थांबणं नाही, काही नाही. त्याला रडू फुटलं.

त्याने पुन्हा पहिल्यापासून लावलं. 'आमची लाडकी आत्या' झाल्याबरोबर बोट टेकवून फोन थांबवला आणि कप चाचपून उचलला. कॉफी केव्हाच गार झाली होती. त्याने एक घोट घेतला. मग पुन्हा बोट टेकवलं, आणि फोनने तिचं नाव घेतलं.