पदकाआधी खांब

आमच्या राजवाड्याच्या गल्लीतले हे निवृत्त खाणकामगार कुठेही शिरण्यापूर्वी काठीने छत ठोकून ते पोकळ वाजते का ऐकतात, माझ्या बैठकीतसुद्धा. खाणीत अडकलेले सोबती त्यांनी जिवंत बाहेर काढले होते. त्याबद्दल शौर्यपदक मिळावे म्हणून मी सरकारला नियमांचे दाखले देत एकोणीस पत्रे लिहिली. अखेर तंजावुरात समारंभ ठरला. नाव पुकारले, तर हे लाकडी मंचाचे खांब ठोकत उभे!

"अहो, वर चढा! पदक परत जाईल!" मी कडाडलो.

"सार, डावा खांब पोकळ बोलतोय. अगोदर तुम्ही खाली उतरा," ते मंचावरच्या अधिकाऱ्यांना म्हणाले.

अधिकारी हसत उतरले आणि मागोमाग मंच खचून खाली बसला. पदक भुईवरच मिळाले. त्यांनी ते नखाने वाजवून समाधानाने मान डोलावली. मंच बांधणाऱ्याविरुद्ध माझे विसावे पत्र त्याच सायंकाळी निघाले.