बादलीच्या तासाला मी दाराबाहेर

"आबा, तुम्ही बाहेर थांबा," मॅडम म्हणाल्या. माझ्याच बादलीपासून मला लांब!

मी चौथी पास. नाशिकला एका बालवाडीत शिपाई होतो. पण शुक्रवारचा बादलीचा तास माझा. पाण्यात वस्तू टाकायच्या, काय बुडतं, काय तरंगतं ते पोरांना दाखवायचं. बारा वर्षं मीच. मग दोन हजार साल उलटलं आणि कॉम्प्युटर आला. सीडी घातली की त्यात हत्ती बोलायचा, दगड बुडायचा, पान तरंगायचं. पोरं माझा हात सोडून तिकडे पळायची. माझा जळफळाट व्हायचा. वर त्याची धूळ पुसायची ती मीच.

लहान मुलं विज्ञान कशातून शिकतात, यावर रिसर्च करायला पुण्याच्या मॅडम आल्या. निम्मी पोरं सीडीला, निम्मी माझ्याकडे. नंतर टेस्ट. म्हणजे कधी न दाखवलेली वस्तू हातात द्यायची आणि पाण्यात टाकायच्या आधी विचारायचं, काय होईल?

मोठ्या बाई म्हणाल्या, "जो हरेल त्याचा तास बंद."

माझी सगळी पोरं बरोबर. भोपळा तरंगेल, द्राक्ष बुडेल. सीडीवाली निम्मी चुकली.

"काय मॅडम, तुमच्या हत्तीनं भोपळा बघितला नाय वाटतं?"

मॅडम हसल्या नाहीत. टेस्टचं हँडीकॅमवर शूटिंग होतं, ते दाखवलं. पोरगं द्राक्ष धरतंय, "तरं..." म्हणतंय, माझ्याकडे बघतंय. मग "बुडेल!" प्रत्येक पोराचं तेच.

"मी एक शब्द बोललो नाय!"

"तुमच्या भुवया बोलल्या, आबा."

म्हणून टेस्ट पुन्हा, आणि मी दाराबाहेर. फटीतून बघत होतो. या वेळी वांगं आणि चिंचोका. पहिली दोघं दाराकडेच बघत राहिली. तास गेला, म्हटलं. मग फुलवाल्याची सोनी उठली.

"आबा नाय का?"

"नाहीत."

"मंग पाण्यालाच इचारू," म्हणाली आणि वांगं दिलं टाकून. ते वर आलं. सगळी पोरं बादलीभोवती. चिंचोक्यावरून तर भांडणच लागलं.

मॅडम भराभरा लिहीत होत्या. म्हणाल्या, "सीडीला असं विचारता येत नाही."

तास वाचला. अट एकच, पाणी भरून आबांनी बाहेर बसायचं. रिटायर होईपर्यंत बसलो. आत हशा व्हायचा आणि मी जळायचो. आधी कॉम्प्युटरवर, मग बादलीवर.

एवढं मात्र कळलं. पोराला पाणी दाखवायचं असेल, तर आपलं तोंड मध्ये आणू नये.