रंगाऱ्याच्या घरातला दोष

रंगाऱ्याच्या बायकोला सगळे गरीब गाय म्हणायचे. गरीब कसली डोंबलाची! तोंड शिवून घेतलेली बाई होती ती, आणि शिवणारा तिचा नवराच.

नवरा सुताच्या लडी रंगवायचा. हातात कला होती, नाही कोण म्हणतो? पण जीभ म्हणजे नुसता चाबूक, आणि तो चालायचा एकुलत्या एका मुलावर. पोरगा कामाला वाघ होता. पातेली घासायचा, ओल्या लडी पिळायचा, दोरीवर वाळत टाकायचा. वाळलेल्या लडींचे गठ्ठे बांधायला बसला की मात्र घोटाळा. तांबड्यांत हिरवी, हिरव्यांत तपकिरी.

"डोळे आहेत की भोकं?" बाप ओरडायचा. "मुद्दाम करतोस! बापाच्या धंद्याची लाज वाटते तुला."

पोरगा शपथा घ्यायचा, थोबाडीत खायचा आणि पुढच्या गठ्ठ्यात पुन्हा तेच करायचा. शेवटी एका बड्या गिऱ्हाइकाने भर दुकानात गठ्ठा सोडून दाखवला. बापाने तिथल्या तिथे पोराला हाकललं. "चालता हो. माझ्या रक्तात असला आंधळा कारभार नाही!"

पोरगा खरंच गेला. दूर कुठल्याशा गोदामात पोती उचलू लागला. बाप घरात नसेल तेव्हा आईला फोन करायचा आणि ठेवता ठेवता हमखास विचारायचा, "आई, मी मुद्दाम नव्हतो गं करत. तुला तरी पटतं ना?"

"पटतं रे बाळा," ती म्हणायची. नवऱ्यापुढे मात्र ब्र काढायची नाही. एकदा, फक्त एकदा बापाने त्याला 'चुकलो' म्हणावं, एवढीच तिची आस होती.

वर्षं गेली. सासरी गेलेल्या लेकीच्या मुलाने शाळेत झाडाची पानं तपकिरी रंगवली, तेव्हा बाईंनी डोळे तपासून घ्यायला सांगितलं. लेक आई-वडिलांनाही सोबत घेऊन गेली. ठिपक्यांच्या चित्रातला आकडा नातवाला काही केल्या दिसेना.

"लाल-हिरव्यातला फरक याला कळत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईकडे दोन एक्स असतात. एकावरचं बिघडलं तरी दुसरं सांभाळून घेतं. तिला स्वतःला सगळे रंग दिसतात, पण ती वाहक असते. मुलाला आईकडून एकच एक्स मिळतो आणि बापाकडून वाय. तो एक्स बिघडलेला निघाला, की सांभाळायला दुसरा नाही."

लेकीकडे हे कुठून आलं? डॉक्टरीणबाईंनी रंगाऱ्याला तीच चित्रं दाखवली. रेषा अंधुक दिसत होत्या खऱ्या, पण आकडे त्याने बरोबर वाचले. म्हणजे लेकीला ते आईकडून आलं होतं.

आई पुढे सरकली. "मग माझा मुलगा तांबड्या लडींत हिरवी बांधायचा, ते..."

"त्यालाही हेच असणार, आजी. जन्मापासून. कितीही ओरडलं तरी दिसायचं नाही त्याला."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. आता तरी!

"म्हणजे माझ्याकडून नाही ना?" नवऱ्याने विचारलं.

घरी येईपर्यंत त्याची कळी खुललेली. "मी म्हणत नव्हतो? माझं रक्त चोख आहे." या माणसाला काय म्हणावं, सांगा!

त्या दिवशी ती पहिल्यांदा बोलली. "पोराला फोन करा. चुकलो म्हणा."

"मी का? दोष तुझा."

आता घरातली झाकली मूठ सांगायलाच हवी. रंगाऱ्याचा मोतीबिंदू पिकत चालला होता. गडद निळी लड आणि गडद हिरवी लड त्याला एकसारखीच दिसायची. रोज सकाळी तो दोन्ही घेऊन गुपचूप बायकोकडे यायचा आणि ती हळूच सांगायची. भोकं आहेत का, असं तिने कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो लडी घेऊन आला. गिऱ्हाईक यायच्या बेतात होतं.

"आधी फोन," ती म्हणाली.

त्याने चरफडत फोन लावला. "अरे, ऐक. ते डोळ्यांचं तुझ्या आईकडून आलंय. माझ्याकडून नाही. डॉक्टरच म्हणाल्या."

पलीकडून फोन कट झाला.

"केला फोन," लडी पुढे धरत तो म्हणाला. "सांग आता, निळी कुठली?"

तिने दोन्ही लडी घेतल्या, काळ्या रंगाच्या उकळत्या पातेल्यात बुडवल्या आणि काठीने नीट खाली दाबल्या.

"रक्त चोख आहे ना तुमचं?" ती म्हणाली. "मग ओळखा."