बावन्न सेकंदांचा आवाज

पाटबंधारे खात्याच्या नियंत्रण कक्षात वायरलेसवर बसणाऱ्या त्या माणसाला सगळे ओव्हरकाका म्हणत. अठ्ठावीस वर्षं संदेश घेऊन-देऊन त्यांना सवयच लागली होती. घरी फोनवरही बोलणं संपलं की तोंडातून ‘ओव्हर’ निसटायचं.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना साहेबांनी त्यांचं नाव आपत्कालीन व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाला घातलं.

“आता माझं काय प्रशिक्षण घेता, साहेब?” काका कुरकुरले.

“जा हो. खात्यातून एक नाव द्यायचंय. तीन दिवस पंख्याखाली बसा, चहा प्या, प्रमाणपत्र घेऊन या.”

वर्गात वीज, रस्ते, आरोग्य, पाणीपुरवठा अशा सगळ्या खात्यांची माणसं होती. निम्मी मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसलेली. शिकवायला अग्निशमन दलातून आलेली एक तरुण बाई होती. बोलणं सडेतोड, पण चेहरा हसरा. घटनास्थळी प्रमुख एकच असतो, बाकीच्यांनी आपापलं काम सांभाळायचं, ज्याला त्याला हुकूम सोडायचे नाहीत, हे तिने पहिल्या दिवशी सगळ्यांच्या गळी उतरवलं.

दुसऱ्या दिवशी विषय होता संदेश.

“एक जुना पूर ऐकवते,” ती म्हणाली. “संदेश कसा द्यावा आणि कसा घेऊ नये, दोन्ही यात आहे.”

तिने कळ दाबली. खरखर झाली आणि एका बाईचा आवाज आला. “नियंत्रण, धरण बोलतंय. पाणी दहा मिनिटांत एक फूट चढलंय. तिसरा दरवाजा अडकलाय. खालच्या तिन्ही वस्त्या लगेच हलवा. इथे आम्ही दोघं आहोत, पाणी पायरीला लागलंय. ओव्हर.”

काकांच्या हातातलं पेन जागच्या जागी थांबलं. ती त्यांची बायको होती, त्याच खात्यात धरणावर नोकरीला असलेली. जाऊन नऊ वर्षं झाली होती तिला. पुरात नाही, पुरातून ती धडधाकट परत आली होती. गेली ती पुढे, आजारपणात. फोटो होते, साड्या होत्या, तिच्या अक्षरातल्या याद्या होत्या. आवाज मात्र कुठेच नव्हता. हल्ली तर तो डोळे मिटून आठवू म्हटलं तरी आठवत नसे.

मग एक पुरुषी आवाज आला. “धरण, पुन्हा सांगा. ओव्हर.” आणि तिने तेच शब्द, त्याच संथपणे पुन्हा सांगितले. सगळं मिळून बावन्न सेकंद.

“बाईंना शंभरपैकी शंभर,” प्रशिक्षिका म्हणाली. “पण हे नियंत्रणवाले गृहस्थ! इतका स्वच्छ संदेश, तरी पुन्हा सांगा! पंधरा-वीस सेकंद पाण्यात गेले.”

“झोपले असतील!” मागून कोणीतरी म्हणालं, आणि वर्ग हसला. काकाही ओठ ताणून हसल्यासारखं करून बसले.

चहाच्या सुट्टीत ते तिच्याजवळ गेले. “मॅडम, ते गृहस्थ मीच. संदेश पहिल्यांदाच नीट ऐकला होता मी. लिहूनही झाला होता. पण ती म्हणाली, पाणी पायरीला लागलंय... मला वाटलं, हे शेवटचं ऐकतोय. म्हणून पुन्हा सांगायला लावलं. चूकच झाली.”

तिला क्षणभर काही कळेना. मग कळलं, आणि तिने हातातला कप खाली ठेवला. “काका, मला खरंच माहीत नव्हतं हो.”

“तुम्हाला कसं माहीत असणार? त्याची एक प्रत मिळेल का?”

“सरकारी नोंद आहे. मला द्यायचा अधिकार नाही. अर्ज करून बघते. तोवर एक करा. मला सरावाच्या वेळी वायरलेसवर बसायला माणूस लागतो. पुढच्या तुकडीला याल?”

काकांनी परत प्रशिक्षणाला जायची परवानगी मागितली, तेव्हा साहेबांनी चष्मा काढून त्यांच्याकडे बघितलं. “बरं वाटत नाहीये का तुम्हाला?”

दोन वर्षांत अकरा तुकड्या झाल्या. प्रत्येक वेळी ते ध्वनिमुद्रण काकाच लावत. हसू उसळलं की म्हणत, “ती चूक माझी आहे. तुम्ही करू नका.” ती बाई कोण, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. दोन तुकड्यांमध्ये कधी तीन महिने जात. त्या दिवसांत ते कॅलेंडरपुढे उगीच उभे राहत.

एका दुपारी काका जिल्ह्याच्या आपत्ती कक्षात मदतीला बसले असताना गावातल्या शीतगृहातून अमोनिया गळू लागला. आधीच्या तुकडीतली आरोग्य खात्याची मुलगी तिथून वायरलेसवर आली. कुठे, काय, किती माणसं, वारा कुठल्या दिशेला, सगळं वीस सेकंदांत. काकांनी एका दमात लिहून घेतलं आणि पुढे धाडलं. अर्ध्या तासात गल्ली रिकामी झाली. दोघांना दवाखान्यात न्यावं लागलं, पण दोघंही वाचले. ती मुलगी नंतर म्हणाली, “काका, तुमच्या त्या धरणवाल्या बाईंसारखं बोलायचा प्रयत्न केला.” काका ‘शाब्बास’ म्हणाले आणि पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेले.

निवृत्तीनंतर महिन्याभराने अर्ज मंजूर झाला. पाकिटातून पेन ड्राईव्ह आला. काकांनी मुलीला बोलावून घेतलं. ती दुसऱ्या शहरातून दोन दिवसांची रजा काढून आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून दोघं शेजारी बसले.

मुलीने सगळं ऐकलं. डोळे पुसले. मग म्हणाली, “बाबा, आईचा घसा बसलाय बघा.”

“छे! तिचा आवाज तसाच होता.”

“नव्हता. असा जाड नव्हता. सकाळपासून ओरडत असणार ती. खालच्या लोकांना हाका मारत असेल.”

काकांनी परत लावलं. खरंच, शब्दांच्या टोकांना आवाज फाटत होता. इतक्या वेळा ऐकूनही त्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं.

“घरी आली तेव्हा काय म्हणाली?” मुलीने विचारलं.

“दमलेय म्हणाली. झोपली.”

मुलगी उठून चहा टाकायला गेली. काका तिथेच बसून राहिले. त्या दिवशी आपण तिला गुळण्यांना गरम पाणी तरी करून दिलं होतं का, हे त्यांना काही केल्या आठवेना.