मिल्काआजीची सगळ्यांत लाडकी

सिपोरा किहीमकरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, आणि त्याही ऐन आजीच्या जारतीला. जारत म्हणजे गेलेल्या माणसासाठी केलेली प्रार्थना. मिल्काआजीला जाऊन महिना झाला होता आणि मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध मलिद्याचं ताट होतं, गोड पोहे, ओलं खोबरं, वर खजूर नि केळी. ताटाला खेटून बसली होती याएल, सिपोराची इस्रायलची चुलत बहीण. परवा विमानातून उतरली काय आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन बसली काय!

आता आजीचं आयुष्य म्हणाल तर ते कुणा एकीच्या मुठीत मावणारं नव्हतंच. अलिबागकडच्या यहुदी तेल्याच्या घरची पोर. बापाचा घाणा शनिवारी बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. नर्सिंग शिकायला म्हणून मुंबईत आली ती इथलीच झाली. सुईणपणात हात असा, की अर्ध्या मुलुंडला तिने पहिली चापट मारलेली. लग्नात मेंदीच्या गाण्यांना तिचा आवाज सगळ्यांच्या वर. नवरा लवकर गेला, धाकटी मुलं इस्रायलला गेली. तीही एकदा जाऊन आली आणि म्हणाली, "तिथे सगळेच यहुदी. मला विचारतो कोण? आणि सुरमई तर बघायलाही मिळत नाही." मग राहिली थोरल्याकडे, आणि थोरला गेल्यावर त्याच्या मुलीकडे, म्हणजे सिपोराकडे.

प्रार्थनेआधी जो तो आजीच्या आठवणी काढत होता. याएल डोळे पुसत म्हणाली, "दर शुक्रवारी फोनवर आजी सांगायची, तू माझी सगळ्यांत लाडकी. कोणाला बोलू नकोस."

सिपोराचा हात ताटावरच थांबला. हे वाक्य तिचं होतं. शब्दन् शब्द तिचा. लहानपणी एकदा, तापात, आजीने कानात सांगितलेलं. त्या एका वाक्यावर तिने बढती सोडली, बदली सोडली, आजीचं हगणंमुतणं काढलं.

"अगो, माका पण ह्याच सांगी," शेजारची जानकी बोलून गेली. दारात उभ्या सुंदराबाई मासेवालीने तर कपाळावर हात मारला. "मलाही. आणि वर भाव पाडून घ्यायची."

सगळे हसले. सिपोराच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हातारीने लाडकेपण प्रसादासारखं वाटलं की काय? मग माझ्या वाट्याला वेगळं काय आलं?

प्रार्थना झाली. हजानने, म्हणजे प्रार्थना सांगणाऱ्या गृहस्थांनी, ताट पुढे केलं. घरची म्हणून पहिला मान सिपोराचा. तिचं लक्ष सगळं याएलकडे. तिने केळं उचललं आणि खाण्याआधी म्हणायचा आशीर्वाद मोठ्याने म्हणून मोकळी झाली, तोही झाडाच्या फळाचा. आता केळीला आमच्यात झाड मानत नाहीत, केळ्याला जमिनीच्या फळाचा आशीर्वाद लागतो. किहीमकरांच्या घरात हे शेंबडं पोरही चुकत नाही. हजान खोकले. याएल गोड हसली.

"सिपे, अक्कल खंय ठेवलंस? केळा जमिनीचा," मागून जानकी म्हणाली. अगदी आजीच्या ठेक्यात.

सिपोरा तरातरा स्वयंपाकघरात गेली. मागोमाग जानकी.

"आता आजीचं ओरडणंही तूच घे," सिपोरा म्हणाली. "लाड घेतलेस, तेवढंच राहिलं होतं."

"मी खंयसून घेतलंय?" जानकी पण तापली. "माका आयुष्यात एक वाकडो शब्द बोलाक नाय ती. ये जानकी, बस जानकी, खा जानकी. इतकी वर्सां शेजारी रवलंय, पण पावणीच रवलंय. तुझ्यावर मात्र सकाळपासून तोंड सुटलेला. भिंतीपलीकडे ऐकून माझ्या पोटात दुखायचा, ठाऊक हा? मनात म्हणायचंय, माझ्यावर कित्याक नाय ओरडणा ही बाय? मी कोणच नाय काय तिची?"

सिपोरा ओट्याला टेकून उभी राहिली. बाहेर याएल कुणाला तरी शुक्रवारच्या फोनचं पुन्हा सांगत होती. तिलाही आजी कधी ओरडली नसणार. सातासमुद्रापार कोण ओरडतं?

"काय काय म्हणायची गं मला?" सिपोराने हळूच विचारलं. "मी कधी नीट ऐकलंच नाही. तू सांग."

जानकीने पदर खोचला. "खंयसून सुरू करू? मेल्या डब्याचा झाकण लावूक हात झडतत काय तुझे, हयसून?"

"थांब," सिपोरा म्हणाली. याएलच्या कानावर यातला एक शब्दही जाऊ नये म्हणून तिने आधी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.