चार हाका आणि एक लादी

१४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ऊन. इस्त्रीवाला आला नाही. भाऊजी डबा विसरून गेले म्हणून मी वखारीत नेऊन दिला. तिथे जे पाहिलं ते लिहून ठेवते.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, दगडाच्या वखारीचे मुकादम. पोरवयात लाद्या धुवायला लागले ते तिथेच पिकले. वखारीत देशोदेशीची माणसं; एकाची बोली दुसऱ्याला कळत नाही. पण संगमरवराला इटालियन मार्मो म्हणतो, तुर्क मेर्मेर, रशियन म्रामोर. आपला शब्द फारसीतून आला. संग म्हणजे दगड, संग-ए-मरमर. शाळेत लॅटिन शिकवणाऱ्या सिस्टर सांगत, या सगळ्यांच्या मुळाशी ग्रीकांचा मार्मारोस, लखलखणारा दगड. मी हे सांगितलं तेव्हा भाऊजी म्हणाले होते, "म्हणजे वहिनी, आजी एकच आणि नातवंडं गावभर."

त्यावरूनच त्यांनी एक रीत पाडली. मोठी उभी लादी उतरवताना तिच्या आडोशामुळे दोर धरणारी चौघं एकमेकांना दिसत नाहीत. म्हणून प्रत्येकाने दगडाचं आपल्या भाषेतलं नाव पुकारायचं. चारही हाका आल्या की मुकादम म्हणणार, "सोडा." मगच दोर हातभर सैल करायचे. एक जरी हाक कमी पडली तरी कोणी हलायचं नाही.

पण भाऊजींचं आयुष्य करवतीच्या आवाजात गेलं. हल्ली कमी ऐकू येतं. परवाच म्हटलं, कान दाखवून या. तर म्हणाले, "हे काय, दाखवले. दोन्ही जागेवर आहेत."

आज चौथ्या दोरावर त्यांचा जावई होता. मी दाराशी उभी. मार्मो. मेर्मेर. म्रामोर. मग जावयाचं संगमरवर यायला हवं होतं, ते आलंच नाही. जावयाचा हात दोराच्या पिळात अडकला होता, धुळीने खोकल्याची उबळ आली होती, शब्द फुटत नव्हता. मला तो दिसत होता, भाऊजींना नाही. मी ओरडायला तोंड उघडलं. आणि भाऊजी म्हणाले, "सोडा."

दोघांनी सवयीने दोर सोडला. लादी जावयाकडे कलली. म्हाताऱ्या तुर्काने मात्र सोडला नव्हता. त्याने दोराला खांबाभोवती वेढा मारला आणि सगळा भार अंगावर घेतला. लादी जावयाच्या छातीपासून वीतभर अंतरावर थांबली.

सगळं निवळल्यावर भाऊजी माझ्याजवळ आले. चेहरा त्या दगडासारखा पांढरा.

"वहिनी, तो बोलला होता ना?"

मी मान हलवली. नाही.

"मला चारही ऐकू आल्या हो."

लादीपेक्षा मला त्या वाक्याचीच भीती वाटली. न मारलेली हाक ज्याला ऐकू येते त्याला समजावणार तरी काय?

भाऊजींनी तुर्काचा हात धरून त्याला मुकादमाच्या ओट्यावर उभं केलं. जावई सोललेला हात फडक्यात गुंडाळत म्हणाला, "बाबा, आणि तुम्ही?"

"मी लाद्या धुईन. त्याला कान लागत नाहीत."

घरी भाऊजींच्या मुलीने नवऱ्याला हाताचं विचारलं. जावई म्हणाला, दारात सापडला. भाऊजी पानावर बसले, पण तिने दोनदा हाक मारली तरी मान वर केली नाही. उद्या वखारीत तशाच आणखी लाद्या उतरायच्या आहेत.

विरजणाला दही उरलं नव्हतं. दूध तापवून झाकून ठेवलं.